वडिलांच्या नावाचा रकाना

सव्वा वर्ष मी ज्या माणसाचे पूर्वज शोधत होते, तो वयाच्या पाचव्या महिन्यातच मरण पावलेला होता. हे मला कळले ते इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या नॉरफोक रेकॉर्ड ऑफिसमध्ये, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या दप्तरखान्यात, एका दफनवहीच्या पानावर, आणि त्या एका ओळीने मी मांडलेल्या वंशावळीतल्या वरच्या चार पिढ्या रद्द झाल्या. त्या ओळीपर्यंत मी कशी पोहोचले आणि तिच्यानंतर काय हाती लागले, ते येथे सविस्तर लिहून ठेवते आहे. इंग्लंडच्या खेड्यांतल्या साध्या माणसांचा माग काढणारे अनेक जण नेमके याच ठिकाणी चुकतात आणि मग एकाची चूक दुसरा जशीच्या तशी आपल्या वंशावळीत उतरवून घेतो.

ज्यांचा शोध होता ते माझ्या नवऱ्याच्या आजीचे आजोबा. सासूबाईंना त्यांच्याविषयी तीनच गोष्टी ठाऊक होत्या: त्यांचे नाव, ते शेतमजूर होते हे, आणि नॉरफोक काउंटीत एल्शमच्या आसपास कुठेतरी ते राहत असत हे. त्यांच्या वंशातली माणसे आजही त्या भागात राहतात, म्हणून त्यांचे आणि गावांचे नाव मी येथे देत नाही. ज्या गावात त्यांनी संसार केला त्याला मी मोठे गाव म्हणेन आणि त्याला लागून असलेल्या दुसऱ्या गावाला धाकटे गाव. दोन्ही गावांची चर्चेस एकमेकांपासून पायी तासाभराच्या अंतरावर आहेत.

सुरुवात मी आपल्याला जवळच्या टोकाकडून केली. जनगणनेची कागदपत्रे शंभर वर्षे बंद ठेवली जातात. १९२१ ची २०२२ च्या जानेवारीत खुली झाली, १९३१ ची १९४२ मध्ये आगीत जळून गेली आणि १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणना झालीच नाही. या सर्वांत १९११ चा कागद मला विशेष प्रिय आहे, कारण घरातल्या माणसाने स्वतःच्या हाताने भरलेले मूळ तक्ते त्या वर्षीचे जपले गेले आहेत. त्याआधीच्या जनगणनांत आपल्याला सहसा दिसते ते प्रगणकाने आपल्या वहीत उतरवून घेतलेले. लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली, त्यांतली किती हयात आहेत आणि किती गेली, हेही १९११ मध्ये विवाहित स्त्रियांविषयी विचारले होते. सासूबाईंची आई त्या कागदावर सहा वर्षांची आहे. तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या शेतमजुराच्या धाकट्या मुलाने, गेलेल्या मुलांच्या रकान्यात तीन हा आकडा लिहिला आहे आणि खाली त्या तिन्ही मुलांची नावे वयांसकट लिहिली आहेत. ती नावे कोणी विचारलेली नव्हती. नंतर कुणीतरी त्यांच्यावरून शाईची आडवी रेघ ओढली आहे, पण अक्षरे स्पष्ट वाचता येतात. मी तो कागद सासूबाईंना दाखवला तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आपल्या आईला ही तीन भावंडे होती, हे त्यांना ठाऊकच नव्हते.

तेथून दहा दहा वर्षे मागे जाणे फारसे अवघड नव्हते. १८८१ च्या जनगणनेचे उतारे स्वयंसेवकांनी पूर्वीच करून ठेवलेले असल्यामुळे आमचे गृहस्थ तेथे लगेच सापडले, पुढे १८७१ आणि १८६१ मध्येही सापडले, आणि मी १८५१ पर्यंत येऊन पोहोचले.

१८०१ पासून इंग्लंडमध्ये दर दहा वर्षांनी मोजणी होत असली तरी पहिल्या चार मोजण्या बहुतांशी नुसत्या शिरगणत्या होत्या. देशभरातल्या माणसांची नावे प्रथम मिळतात ती १८४१ मध्ये, आणि तीही अर्धवट. त्या वर्षी पंधरा वर्षांपुढच्या माणसाचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहिण्याची सूचना होती, घरातल्या माणसांचे एकमेकांशी नाते लिहिलेले नव्हते, आणि जन्मस्थळाविषयी याच काउंटीत जन्म झाला की नाही आणि नसल्यास स्कॉटलंड, आयर्लंड किंवा परदेशात झाला का, एवढेच विचारले होते. ३० मार्च १८५१ च्या रात्रीची जनगणना ही त्यामुळे पहिली खरी उपयोगी जनगणना म्हणावी लागते. तिच्यात कुटुंबप्रमुखाशी नाते आहे, विवाहित की अविवाहित हे आहे, पूर्ण वय आहे आणि जन्म कोणत्या पॅरिशमध्ये, म्हणजे कोणत्या गावच्या चर्चच्या हद्दीत, झाला तेही आहे. आमचे गृहस्थ तेथे तेहतीस वर्षांचे आहेत, सोबत पत्नी आणि चार मुले आहेत, व्यवसायाच्या रकान्यात ‘अ‍ॅग लॅब’ ही शेतमजुराची ठरलेली आखूड नोंद आहे, आणि जन्मस्थळ म्हणून मोठ्या गावाचे नाव आहे.

तेहतीस वर्षे म्हणजे जन्म १८१७ किंवा १८१८ मधला. मोठ्या गावाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत फेब्रुवारी १८१८ मध्ये त्याच नावाचे आणि त्याच आडनावाचे मूल होते, वडील शेतमजूर होते, आणि त्या वडिलांचे जे नाव होते तेच आमच्या गृहस्थांच्या थोरल्या मुलाचे होते. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत तेव्हा सर्वत्र होती. यापेक्षा आणखी काय हवे, असे मला वाटले आणि मी पुढे निघाले.

पॅरिशच्या नोंदवह्या मोहात पाडतात, हे मी अनुभवाने सांगते. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवण्याचा हुकूम दिला, आणि जेथे वह्या टिकल्या आहेत तेथे एका कुटुंबाला धरून दोन-अडीचशे वर्षे मागे जाता येते. मीही गेले. १७५४ नंतरच्या लग्नांत छापील नमुन्यावर नवरा-नवरीच्या सह्या किंवा फुल्या असतात, त्या पाहिल्या. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर होता आणि गरिबांना तो माफ असे. एका बाप्तिस्म्यासमोर पाद्रीबुवांनी करमाफीसाठी लिहिलेले ‘पी’ हे अक्षर दिसले तेव्हा या कुटुंबाची परिस्थिती तीन पेन्सही न परवडण्याइतकी होती, हे मी वहीत मोठ्या आस्थेने टिपून ठेवले. ती माणसे आमची नव्हती. तरीही त्यांची नावे मला अजून तोंडपाठ आहेत.

या सगळ्या काळात तीन गोष्टी मी पाहिल्या होत्या आणि बाजूला सारल्या होत्या.

पहिली लग्नाची नोंद. आमच्या गृहस्थांचे लग्न १८४२ मध्ये मोठ्या गावच्या चर्चमध्ये झाले. १ जुलै १८३७ पासून लग्नाच्या नोंदीत वराच्या आणि वधूच्या वडिलांचे नाव आणि व्यवसाय लिहिण्यासाठी रकाने आले. आईच्या नावाला मात्र तेथे जागा मिळायला ४ मे २०२१ हा दिवस उजाडावा लागला, आणि याची खंत मला प्रत्येक नोंद वाचताना वाटते. वधूच्या वडिलांचे नाव आणि व्यवसाय त्या पानावर व्यवस्थित आहे. वराच्या वडिलांच्या रकान्यात एक आडवी रेघ आहे. पाद्रीबुवा घाईत असतील, असे मी समजले. रेघेचे दोन अर्थ संभवतात: माहिती घेतली गेली नाही, किंवा सांगण्यासारखे नाव नव्हते. माझ्याजवळ वडिलांचे नाव तयार होते, म्हणून मला पहिला अर्थ सोयीचा वाटला.

दुसरी गोष्ट १८६१ च्या जनगणनेतली. त्या वर्षी त्यांच्या घरात साठीच्या पुढची एक विधवा आहे. तिचे आडनाव वेगळे आहे, नाते ‘आई’ असे लिहिले आहे आणि जन्म धाकट्या गावातला आहे. प्रगणकाने ‘सासू’ लिहायच्या ऐवजी ‘आई’ लिहिले असेल, असे मी गृहीत धरले. हे गृहीतक अगदीच निराधार नव्हते, कारण त्या काळी नात्यांचे शब्द आजच्यापेक्षा सैल वापरले जात आणि सावत्र मुलालाही ‘सन-इन-लॉ’ म्हणत, त्यामुळे नऊ वर्षांचा जावई जनगणनेत पाहून नवशिक्या माणसाचा गोंधळ उडतो. पण पत्नीचे माहेरचे आडनाव माझ्यासमोर लग्नाच्या नोंदीत होते, आणि ते या विधवेच्या आडनावाशी जुळत नव्हते. मी ते ताडून पाहिले नाही.

तिसरी गोष्ट जन्मस्थळाची. १८५१ आणि १८६१ मध्ये मोठे गाव आहे, १८७१ आणि १८८१ मध्ये धाकटे गाव. म्हातारपणी आठवण पुसट झाली असेल, असे मी मानले.

नॉर्विचला मी गेले ते दुसऱ्याच कामासाठी. मोठ्या गावच्या वह्यांचे उतारे मी घरी बसून वाचलेले होते, मूळ पानांची छायाचित्रे पाहायची राहिली होती, आणि बाप्तिस्म्याचे पान पाहून झाल्यावर वेळ उरला म्हणून मी दफनवही उघडली. १ जानेवारी १८१३ पासून बाप्तिस्मा आणि दफन यांच्यासाठी छापील वह्या आल्या, पानावर आठ नोंदी, आणि दफनाच्या नोंदीत नाव, राहण्याचे ठिकाण, तारीख, वय आणि विधी करणाऱ्याची सही. जुलै १८१८ च्या पानावर पाचवी नोंद त्याच नावाची होती. वयाच्या जागी ‘पाच महिने’.

मी त्या गावात तेच नाव असलेले दुसरे मूल आहे का ते शोधले. नव्हते. त्या आईवडिलांचे मूल ते होते आणि ते पाच महिन्यांचे होऊन गेले होते. बाप्तिस्मा सापडला की दफन पाहिल्याशिवाय तो आपला म्हणायचा नाही, हा नियम जुनी जाणती माणसे पहिल्याच दिवशी सांगतात आणि मलाही कुणीतरी सांगितला होता. उताऱ्यांच्या शोधपट्टीत आपण जिवंत माणसाला शोधत असतो, त्यामुळे दफनाच्या नोंदी तपासण्याचे मनातच येत नाही.

आता त्या तिन्ही बाजूला सारलेल्या गोष्टी पुन्हा समोर घेतल्या आणि त्या एकमेकींना बिलगून बसल्या. ‘आई’ हा शब्द प्रगणकाने बरोबर लिहिला असेल, तर आईचे आडनाव वेगळे आहे, म्हणजे तिचे लग्न मुलाच्या वडिलांशी झालेले नाही. वडिलांच्या रकान्यातली रेघ याला दुजोरा देते. आणि जन्म धाकट्या गावातला. मी त्या विधवेच्या आडनावावरून धाकट्या गावच्या लग्नाच्या वहीत गेले आणि १८२८ मध्ये एका विधुराशी तिचे लग्न झाल्याची नोंद मिळाली. लग्नाआधीचे तिचे आडनाव आमच्या गृहस्थांचेच होते. मग त्याच गावच्या बाप्तिस्म्याच्या वहीत डिसेंबर १८१७ चे पान काढले. छापील नमुन्यात आईवडिलांच्या नावांची जागा असते आणि पुढे दर्जा, धंदा किंवा व्यवसाय असा एक रकाना असतो, ज्यात बहुतेक पानांवर सलग ‘मजूर, मजूर, मजूर’ असे वाचायला मिळते. या नोंदीत पालक म्हणून एकट्या आईचे नाव आहे आणि धंद्याच्या त्या रकान्यात ‘अविवाहित स्त्री’ असे लिहिले आहे. त्या काळच्या पाद्रींची ही नेहमीची पद्धत होती आणि अशी नोंद शेकडो वह्यांत मिळते, हे ठाऊक असूनही ती वाचताना माझा हात थांबला. काही वह्यांत याहून कठोर शब्द सापडतात. हे पाद्रीबुवा त्या मानाने सौम्य होते, असे म्हणावे लागेल.

१८४१ ची नोंदही आता जागेवर बसली. मोठ्या गावातल्या एका शेतकऱ्याच्या घरी त्याच नावाचा नोकर आहे, वय वीस. ६ जून १८४१ या दिवशी आमच्या गृहस्थांचे वय तेवीस असायला हवे आणि पाचाच्या पटीत खाली आणल्यावर ते वीसच होते. पूर्वी मी ही नोंद वय जुळत नाही म्हणून सोडून दिली नव्हती, पण घरात आईवडील नाहीत याचेही कारण शोधले नव्हते.

जन्मस्थळ दोनदा एक आणि दोनदा दुसरे का सांगितले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. १६६२ च्या कायद्यापासून गरिबाला मदत देण्याची जबाबदारी त्याच्या हक्काच्या पॅरिशवर असे आणि परक्या पॅरिशमध्ये हात पसरण्याची वेळ आली तर त्याला परत धाडता येई. १८३४ पूर्वी जन्मलेल्या अनौरस मुलाचा हक्क सर्वसाधारणपणे त्याच्या जन्माच्या पॅरिशमध्ये धरला जाई. मोठ्या गावात चार मुले घेऊन राहणाऱ्या मजुराला आपला जन्म दुसरीकडचा आहे हे दारात आलेल्या प्रगणकाला सांगणे सुरक्षित वाटले नसेल, असे मला वाटते. जनगणनेचा मदतीशी काही संबंध नव्हता, पण वही घेऊन आलेला माणूस शेवटी गावातलाच असे. १८६५ च्या कायद्याने मदतीच्या खर्चाचा भार एकेका पॅरिशवरून अनेक पॅरिशांच्या संघावर गेला, आणि त्यानंतरच्या दोन्ही जनगणनांत ते धाकट्या गावाचे नाव सांगतात. हे माझे अनुमान आहे, पण आठवण पुसट झाल्याच्या माझ्या जुन्या समजुतीपेक्षा मला ते त्या माणसाला अधिक न्याय देणारे वाटते.

आईची बाजू पुढे सहज उलगडली, आणि याचे श्रेय नॉरफोकच्या पाद्रींना आहे. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांपासून १८१२ पर्यंत तेथील अनेक पॅरिशांत बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचे माहेरचे आडनावही लिहीत असत. १८१३ च्या छापील वहीत त्यासाठी रकानाच नव्हता आणि ती चांगली सवय मोडली. आमच्या या आईचा जन्म १७९७ चा असल्यामुळे तिच्या आईचे माहेर मला एका ओळीत मिळाले. वडिलांची बाजू मात्र कागदावर कोरीच आहे. अनौरस मुलाच्या बापाकडून खर्च वसूल करण्यासाठी त्या काळी जे हुकूमनामे काढत, ते अनेक पॅरिशांच्या कागदपत्रे ठेवण्याच्या पेट्यांत टिकून राहिले आहेत, पण धाकट्या गावच्या पेटीतले उरलेले नाहीत.

त्या पेटीतून उरली आहे ती गरिबांच्या निरीक्षकाची हिशेबाची वही. गावातल्या घर-जमिनीवर बसवलेल्या करातून कोणाला किती दिले, ते या वहीत आठवड्याच्या आठवड्याला लिहिलेले असते. कातडी बांधणीची ती जाड वही रेकॉर्ड ऑफिसमध्ये फोमच्या उशीवर उघडून ठेवावी लागते, पाने दाबायला मण्यांची लांब वजने देतात आणि टिपणे पेन्सिलीनेच काढायची असतात. १८१८ च्या सुरुवातीपासून आमच्या या बाईचे नाव दर आठवड्याला येते, समोर ‘मुलासाठी’ एवढे लिहिलेले असते आणि पुढे शिलिंग-पेन्सचा आकडा. हिवाळ्यात कधी जळण दिलेले आहे. आठ वर्षे हेच. मी सगळी पाने ओळीने वाचली, कारण आधी ओळी गाळल्याचा परिणाम मला माहीत होता.

एल्शमजवळच्या मार्शम गावी १८५० मध्ये जन्मलेले जॉर्ज एडवर्ड्स, जे शेतमजुरांच्या संघटनेचे पुढारी झाले आणि १९२० मध्ये दक्षिण नॉरफोकमधून पार्लमेंटवर निवडून गेले, त्यांना वयाच्या सहाव्या वर्षी शेतात कावळे हाकायला पाठवले होते. मुलगा कामावर जायच्या वयाचा झाला की मदत बंद होणार, हे मला म्हणूनच अपेक्षित होते. ऑक्टोबर १८२६ मध्ये ती बंद होते. बंद होण्याच्या आधीच्या आठवड्यात आईच्या नावाखाली नेहमीच्या आकड्याऐवजी वेगळी ओळ आहे आणि त्या वहीत मुलाचे नाव प्रथमच, आणि एकदाच, आले आहे: त्याच्यासाठी बुटांचा एक जोड.